ती साल की ते साल

आमच्या भाऊजींना एखादं वाक्य सुचलं की त्याचा अर्थ काय होतो हे बघायला ते थांबत नाहीत. कानाला बरं वाटलं की झालं. हे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. मी ज्या कंपनीत काम करते तिथेच ते जाहिरातीचं बघतात. कंपनी बेरींची. हरितगृहांतून बारा महिने स्ट्रॉबेरी, रास्पबेरी अशी नखरेल फळं आमच्याकडे येतात, निवडली जातात, गार होतात आणि छोट्या पारदर्शक डब्यांत बसून दुकानांकडे रवाना होतात. या सगळ्या प्रवासात ती नासू नयेत हे बघणं माझं काम. कंपनीच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, तिला सगळे कौतुकाने प्रयोगशाळा म्हणतात आणि मालक वेष्टनाच्या खोक्यांसाठी तिच्यावर डोळा ठेवून असतात.

स्ट्रॉबेरीचं दुखणं एकच, तिला साल नाही. केळ्याला आहे, संत्र्याला आहे, कलिंगडाला तर बुक्की मारली तरी ढिम्म हलत नाही. ही बया मात्र उघड्या अंगाने जगात येते आणि कोणीही बोट लावलं की तिथे काळी पडते. मग करडी बुरशी येते, आणि एका फळाला आली की शेजारणींना लागायला वेळ लागत नाही. त्यावर उपाय म्हणून मी एक लेप तयार केला होता. समुद्री शेवाळातून निघणारा डिंक, कोरफडीचा गर आणि लवंग-दालचिनीचं तेल, सगळं खाण्यातलं. फळ त्यात बुडवायचं, पंख्याखाली वाळवायचं, की त्यावर एक पातळ पापुद्रा बसतो. आतलं पाणी आत राहतं आणि तेलामुळे बुरशीचं काही चालत नाही.

हे सांगायला सोपं आहे. पहिल्या खेपेला लवंगेचं तेल इतकं पडलं की स्ट्रॉबेरी खाताना दात उपटायला बसल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या खेपेला डिंक जास्त झाला आणि फळं एकमेकींना अशी चिकटली की सोडवताना दोघींचा जीव जायचा. असं करत करत शेवटी प्रमाण जमलं. लवंगेची आता फक्त जिभेच्या टोकाला किंचित चुरचुर जाणवायची, तीही कोणी सांगितली तर. आणि माझी स्ट्रॉबेरी साध्या स्ट्रॉबेरीपेक्षा आठवडाभर जास्त टिकायची.

आठवडा म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण ज्या फळाचं सगळं आयुष्यच चार दिवसांचं, त्याला आठवडा म्हणजे पुनर्जन्म आहे. ट्रक बंद पडला तरी माल वाचतो, दुकानात दोन सुट्ट्या आल्या तरी वाचतो. मला फक्त एक मोठी टाकी आणि वाळवणीचे पंखे हवे होते, म्हणजे पातेल्यातला लेप कारखान्यात आला असता. टाकी नाही मिळाली तर खोलीत खोकी येणार, हे मालकांनी मला हसत हसत सांगून ठेवलं होतं. त्यांचं हसणं मला चांगलं माहीत आहे.

टाकीचा खर्च करण्याआधी लोकांचं मत बघू म्हणून मालकांनी भाऊजींना पत्रक करायला सांगितलं. रात्री जेवताना भाऊजींनी विचारलं, वहिनी, तुमचा हा लेप नक्की करतो काय? मी दिवसभर उभी राहून दमलेली, तोंडात घास. म्हटलं, फळाला आणखी एक साल मिळते असं समजा. त्यांनी जेवण अर्धवट टाकलं आणि वाक्य लिहून घ्यायला पळाले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पत्रकावर लालभडक अक्षरांत छापलं गेलं: आमच्या फळाला मिळते आणखी एक साल. छापण्याआधी मी ते वाचलंही होतं. काही खटकलं नाही, कारण माझ्या डोक्यात सोलायचीच साल होती.

मालकांच्या डोक्यात कॅलेंडर होतं. त्यांनी मला दालनात बोलावलं तेव्हा ते चक्क उभे होते, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती. त्यांच्या हातून एखादी वस्तू ओढली जाते ती सहसा स्वतःकडे, त्यामुळे मी खुर्चीच्या काठावरच बसले.

"मॅडम, फळ वर्षभर टिकवायची युक्ती तुम्हाला सापडली, आणि ही गोष्ट मी पत्रकात वाचायची?"

मी समजावलं की वर्ष नाही, साल. फळाची साल. ती साल, ते साल नव्हे. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"स्ट्रॉबेरीला साल असते का?"

"नसते."

"मग आणखी एक कुठून आली? पहिलीचाच पत्ता नाही तर दुसरी कशी मिळेल?"

मी म्हटलं, साहेब, वर्षाचंही तसंच आहे. ती मुळात वर्षभर कुठे टिकते, की आणखी एक वर्ष मिळावं?

"तेच तर तुम्ही करून दाखवलंय," मालक म्हणाले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

त्या दिवसापासून कंपनीत दोन तट पडले. फळं निवडणाऱ्या बायका 'ती साल' म्हणायच्या, कारण त्यांच्या हातात दिवसभर फळ असायचं. हिशोबाच्या खोलीत सगळे 'ते साल' म्हणायचे, कारण त्यांच्याकडे साल मार्चमध्ये संपायचं. मधल्या सुट्टीत 'मिळते' या एका शब्दावर बोट ठेवून लोक तासभर भांडायचे. तीही मिळते आणि तेही मिळते, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारण नव्हतं. शेवटी सगळे भाऊजींकडे गेले की बाबा, लिहिताना तुझ्या मनात काय होतं? भाऊजींनी प्रामाणिकपणे सांगितलं की लय होती.

मालकांनी पुढचं पाऊल उचललं. दर्शनी दालनात एक काचेचं कपाट होतं, त्यात कंपनीने कधीकाळी खेळात मिळवलेल्या ढाली होत्या. ढाली गेल्या माझ्या खोलीत. कपाटात मखमलीवर एक डबी ठेवली गेली, आत माझ्या लेपाच्या स्ट्रॉबेऱ्या, आणि वर पाटी: आजपासून एक साल. कपाटावर दुपारी उन्हाची तिरीप येते. थंडाव्याची सोय नाही. मी ओरडून सांगितलं की अशा उकाड्यात माझा लेपसुद्धा जेमतेम तग धरेल, निदान गार खोलीत तरी ठेवा. मालक म्हणाले, वर्षभर टिकणाऱ्या फळाला उन्हाचं काय? आणि टाकीचं विचारलं तर म्हणाले, साल पूर्ण होऊ दे, मग टाकी घेऊ. लगेच घ्यायची घाई काय, फळ कुठे पळून चाललंय.

म्हणजे आठवडा सिद्ध झालेला असताना वर्ष सिद्ध व्हायची वाट बघायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, नासू दे एकदाचं. त्या डबीवर बुरशीची टोपी चढली की सगळ्यांची डोकी आपोआप ठिकाणावर येतील, आणि मग मी आठवड्याचं बोलेन.

ती नासली नाही.

पहिला आठवडा गेला, मी समजू शकत होते. दुसरा गेला. महिना गेला. फळं लालचुटूक, देठं हिरवीगार, डबीत पाण्याचा टिपूससुद्धा नाही. येणारे-जाणारे कपाटासमोर उभे राहून फोटो काढू लागले. मालकांनी दुकानदारांना बोलावून दाखवायला सुरुवात केली. आणि माझ्या खोलीत ढालींच्या शेजारी खोकी येऊन बसू लागली, कारण वर्षभर माझ्याकडे तसंही काही काम नव्हतं.

सांगायला लाज वाटते, पण मला आशा वाटू लागली. मी शिकलेली बाई. काय शक्य आहे आणि काय नाही हे मला कळतं. तरी रोज सकाळी त्या कपाटासमोरून जाताना मनात यायचं, की कोण जाणे, आपल्याच हातून काहीतरी होऊन गेलं असेल. मी पुन्हा पातेलं चढवलं, जुनंच प्रमाण पुन्हा तपासलं, की वर्ष कुठून येतंय. कुठूनच येत नव्हतं.

मग एक दिवस दर्शनी दालनातल्या बाई कपाट पुसत होत्या. यांना सगळे किल्लीताई म्हणतात. कंपनीतल्या प्रत्येक कुलपाची एक किल्ली त्यांच्या कमरेला असते, बाहेरून कोणी आलं की आधी त्या किणकिणतात आणि मग बोलतात. त्या फडकं पिळायला गेल्या तेवढ्यात मी हात घातला आणि एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली.

गोड होती. चुरचुर मात्र नव्हती. जिभेच्या टोकावर घोळवली, दाताखाली धरली, डोळे मिटले. काही नाही. दुकानात कोणालाही मिळेल अशी साधी, ताजी, परवाच तोडलेली स्ट्रॉबेरी होती. महिनाभर मी दुसऱ्याच कोणाच्या तरी फळाला मान देत होते.

घरी आले तर सासूबाई फ्रिज उघडून उभ्या होत्या. म्हणाल्या, हे लाल काय येतंय गं हल्ली सारखं? मऊ पडलेलं, मुका मार खाल्लेलं. टाकवत नाही म्हणून खाते मी, पण आता बाई माझे दात आंबले. तुझा दीर आणतो आणि गुपचूप मागे सरकवून ठेवतो. मी फ्रिजमध्ये बघितलं आणि सरळ भाऊजींच्या खोलीत गेले.

भाऊजींनी फार ताणलं नाही. कपाटाची मागची काच सरकते हे त्यांना ढाली काढतानाच कळलं होतं. फळं थकलेली दिसली की ते डबी बदलायचे. वाक्य आपलं, आणि त्यापायी वहिनीची नाचक्की नको, असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता त्यांना उलट भरून आलं.

"पण वहिनी, खरं सांगू? मला वाटलं होतं रोज बदलायला लागेल. तुमचा लेप जबरदस्त आहे. कधी कधी आठवडा आठवडा हात लावावा लागत नाही."

"आणि तुम्ही जी नवी डबी ठेवता, तिच्यातल्या फळांना लेप कुठून लागतो?"

भाऊजींनी विचार केला. बराच वेळ केला.

"हां," ते म्हणाले. "ते राहिलंच."

मी कपाळावर हात मारला. पण रात्री आडवी झाल्यावर दुसरीच गोष्ट डोक्यात घोळू लागली. साधं फळ त्या उन्हात आठवडाभर टिकणं शक्य नाही. भाऊजी आठवड्यातून एकदाच बदलत असतील, तर मधले दिवस कोण बदलतंय? नवऱ्याला उठवून विचारलं. तो म्हणाला, तुमच्या दोघांच्या कंपनीतलं मला काही सांगू नका, आणि कूस बदलली.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी जाहीर केलं की दुकानवाल्या बाई येणार आहेत. ज्यांच्या दुकानांत आमचा निम्मा माल जातो त्या या बाई. त्यांनी वर्षाच्या फळाला होकार दिला तर आमचं भलं, आणि मग माझ्या आठवड्याला कायमची मूठमाती. त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर त्या येणार होत्या. मी मनाशी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे, निदान आज त्या कपाटात फळ माझं असेल. खोटं वर्ष दाखवायचंच आहे ना, मग ते माझ्या फळाने दाखवा. पातेल्यात ताजा लेप करून मी एक डबी तयार केली आणि सगळे जेवायला गेल्यावर पदराआड धरून दर्शनी दालनात गेले.

कपाटामागे भाऊजी होते. एका हाताने काच सरकवलेली, दुसऱ्या हातात डबी. मला बघून म्हणाले, आज पाहुणे येणार म्हणून. मी काही बोलणार इतक्यात किणकिण ऐकू आली. किल्लीताई जेवणाच्या पिशवीतून डबी काढतच येत होत्या. आम्हाला बघितल्यावर त्यांना ती ना परत ठेवता आली ना लपवता. मग म्हणाल्या, काय करू, माझी खुर्ची या कपाटासमोर. मॅडमचं फळ माझ्या डोळ्यांदेखत सुकताना मला बघवत नाही. पण क्वचितच बदलावं लागतं हो, लेप फार चांगला आहे.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मालक आले. त्यांच्या कोटाचा एक खिसा चांगलाच चौकोनी झाला होता.

"मी तपासायला आलो होतो," मालक म्हणाले. मग त्यांनी आमच्या तिघांच्या हातांकडे बघितलं आणि खिशातली डबी काढून समोरच्या टेबलावर ठेवली. आम्हीही आमच्या ठेवल्या. चार डब्या एका रांगेत, आणि पाचवी कपाटात मखमलीवर.

मालकांनीही तेच सांगितलं. पहिल्यांदा बदलली तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. पण पुढे फारच कमी वेळा बदलावी लागली, त्यामुळे त्यांचा विश्वास वाढत गेला. त्यांच्या अंदाजाने लेप वर्षाला थोडाच कमी पडत होता, आणि तेवढं आपण सांभाळून घ्यायला हरकत नव्हती. बोलता बोलता ते मध्येच थांबले. त्यांनी आमच्या तिघांचे चेहरे पुन्हा एकदा न्याहाळले आणि त्यांचा रंग उतरला.

"म्हणजे यातलं एकही फळ टिकलेलं नाही?"

"लेप लावलेलं टिकतं, साहेब. आठवडाभर जास्त. पण पहिली डबी गेल्यापासून त्या कपाटात लेप लावलेलं फळ गेलेलंच नाही."

"आठवडाभर," मालक म्हणाले. हा शब्द त्यांनी आधी कधी ऐकलाच नसावा अशा आवाजात म्हणाले.

"मला वाटलंच," दारातून कोणीतरी बोललं.

दुकानवाल्या बाई लवकर आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. वयस्कर, ठेंगण्या, खांद्यावर एवढी मोठी पर्स की त्या तिच्या बाजूने थोड्या कलून चालायच्या. त्या टेबलापाशी आल्या, पर्स खाली ठेवली आणि कोणाला न विचारता चारही डब्यांतलं एकेक फळ खाल्लं. माझ्या डबीतलं खाताना त्यांनी जीभ टाळूला लावून बघितली.

"ही जरा चुरचुरते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत ती चुरचुर माझ्याशिवाय कोणाला कळली नव्हती. मी सांगितलं की ती लवंग आहे आणि हे माझं फळ आहे.

"बरं. आणि साल कुठे आहे?"

मालकांनी पाटीकडे बोट दाखवलं. बाईंनी पाटी वाचली, आमच्याकडे बघितलं आणि मग त्या टेबलाला धरून हसायला लागल्या.

"अहो, मी सालीसाठी आले. पत्रक वाचलं आणि म्हटलं, चला, स्ट्रॉबेरीला साल चढवली कोणीतरी. माझ्या दुकानात रोज निम्मी फळं गिऱ्हाइकांच्या बोटांनी मरतात. वर्षभराची मला फुकट दिली तरी नको. एकदा नेली की लोक वर्षाने येणार, मी तोवर काय दुकानात बसून माश्या मारू?"

'ती साल' म्हणणाऱ्यांत कंपनीबाहेरचं एक माणूस होतं, आणि नेमकं तेच आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. मालक खुर्चीवर बसले. भाऊजींनी वाक्य मुळात बरोबरच होतं असं पुटपुटायचा प्रयत्न केला, मी त्यांच्याकडे बघितलं, ते गप्प झाले.

बाईंनी मग एकच गोष्ट सांगितली. कपाटात दोन डब्या ठेवायच्या, एक साधी आणि एक माझ्या लेपाची. हात कोणी लावायचा नाही. साधी खराब झाली की तिथून आठवड्याने माझी खराब व्हायला हवी. तशी झाली तर त्या सगळा माल लेप लावूनच घेतील, आणि मालकांनी टाकी त्याच दिवशी मागवायची. मालकांनी मान हलवली. कपाटाची किल्ली त्यांनी बाईंपुढे धरली, पण बाईंनी ती परत सारली.

"किल्ली नेऊन काय करू, मागची काच तर सरकते. आणि खराब झाली की मला फोन करा. लवकर झाली तरी करा. झालीच नाही, तर मात्र करू नका. मी समजून जाईन."

पुढचे दिवस कंपनीत कोणाला काही सुचेना. साधी डबी बघता बघता गेली. आधी फळं मऊ पडली, मग एकीला करडी लव आली आणि पाठोपाठ सगळ्यांना. किल्लीताईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. मालक तिथून जाताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून जायचे. भाऊजींनी तर मागच्या दारानेच यायला-जायला सुरुवात केली. सवयच तशी लागली होती सगळ्यांना, नासणारं फळ दिसलं की हात शिवशिवायचे. माझी डबी शेजारी तशीच होती, एकाही फळाला डाग नव्हता.

आठवडा भरला त्या दिवशी मी सकाळी सगळ्यात आधी आले. काचेला नाक लावून बघितलं. फळं लाल, देठ जरा मलूल, बुरशी नाही. संध्याकाळी बघितलं, नाही. निवडणाऱ्या बायका माझी पाठ थोपटून गेल्या. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भलताच संशय आला. नासत नाही याचा अर्थ आमच्याकडे एकच होता.

आधी किल्लीताईंना विचारलं. त्यांनी कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवून शपथ घेतली. मालकांनाही विचारलं, आणि त्यांनी चक्क मला खिसे उलटे करून दाखवले. एक फळ तोंडात टाकलं असतं तर चुरचुरीवरून लगेच कळलं असतं, पण हात लावला असता तर मीच लबाड ठरले असते. मग उरले भाऊजी. मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, भाऊजी, आता तरी खरं सांगा. तुमच्या या उपकारांनी माझी टाकी गेली, माझी खोली गेली, आता मला फोनसुद्धा करता येणार नाही. मी बरंच काही बोलले. घरचंही बोलले, जे तिथे बोलायला नको होतं.

भाऊजी नेहमी काहीतरी चटकदार बोलतात. त्या दिवशी त्यांना वाक्य सापडलं नाही.

"वहिनी, मी हात नाही लावला. मी फळं बदलायचो, कारण ती नासणार असं मला वाटायचं. यावेळी नाही वाटलं. पण तुम्हाला का वाटतंय? केलंय ना तुम्हीच ते?"

मी तशीच खोलीत जाऊन खोक्यांच्या मधोमध बसले. खरं तर उत्तर माझ्याकडे होतं. वर्ष ऐकून ऐकून मी माझा आठवडाच लहान मानायला लागले होते. तो आठवडा मी तोंडाने म्हणत होते, आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहिला तेव्हा त्याला कोणी तरी मागून धरलंय अशी मला खात्री वाटत होती.

त्यानंतर दोन दिवसांनी किल्लीताई धावत माझ्या खोलीत आल्या. त्या नुसत्या किणकिणत होत्या. मी दर्शनी दालनात गेले तर तिथे आधीच गर्दी होती. निवडणाऱ्या बायका होत्या, हिशोबवाले होते, मालक पुढे वाकून बघत होते. भाऊजी कपाटापासून चांगले लांब उभे होते, हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरून.

डबीतल्या कोपऱ्यातल्या एका फळाला, देठाच्या खाली, करड्या बुरशीचं टोक आलं होतं. अगदी एवढंसं. खसखशीच्या दाण्याला लाज वाटावी एवढं. मालकांनी माझ्या हातात फोन दिला. मी बाईंना सांगितलं की खराब झाली. आठवडा उलटून गेल्यावर झाली, थोडा उशीर झाला, पण झाली. पलीकडून बाई म्हणाल्या, उशिराबद्दल माफी मागताय का तुम्ही? टाकी मागवायला सांगा त्यांना.

दालनात कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. नासलेल्या स्ट्रॉबेरीला इतक्या टाळ्या कुठे पडल्या असतील असं मला वाटत नाही. भाऊजी पुढे आले आणि हळूच म्हणाले, वहिनी, आता बसला विश्वास?

बसला, मी म्हणाले. त्यांना जे बोलले होते त्याची माफीही तिथेच मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोललेही सगळ्यांसमोरच होते. आणि मग मला हुंदका फुटला. किल्लीताई मला धरून समजावू लागल्या, की अहो मॅडम, चांगलं झालं ना, मग रडता कशाला? इतक्या दिवसांत त्या कपाटातलं एक तरी फळ आपल्या मरणाने मेलं होतं, आणि ते माझं होतं.